मंजूर वाक्यं

माझ्या बायकोला दोन आवाज होते. हे मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि मोठ्या हुशारीनं तिला बोलून दाखवलं. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

ती बसस्टँडवर उद्घोषक होती. काचेच्या केबिनमध्ये बसायची, बटण दाबायची, लाल दिवा लागायचा आणि मग कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा सुटणार हे सगळ्या स्टँडला ऐकू जायचं. तो आवाज अख्ख्या शहराच्या ओळखीचा होता. कडक इस्त्रीचा आवाज. गाडी रद्द झाली हे ऐकूनसुद्धा माणसं त्या आवाजावर चिडत नसत, मुकाट्यानं सामान उचलून दुसऱ्या फलाटाकडे जात.

घरचा आवाज निराळा. चढा, थोडा नाकातला, कायम घाईत असलेला. वाक्य अर्ध्यात सोडायचं, उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं. बोलता बोलता स्वतःच हसत सुटायचं आणि आपण काय सांगत होतो तेच विसरायचं. माझं चष्म्याचं दुकान घराखालीच आहे. वरून ती "अहो" अशी हाक मारायची आणि तेवढ्यावरून मला कळायचं, चहा झालाय, की पाहुणे आलेत, की माझं काहीतरी चुकलंय. एकदा एक गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत बसलं होतं. वरून हाक आली. ते म्हणालं, "आधी वर जाऊन या. आज तुमचं काही खरं नाही." मी गेलो. खरंच नव्हतं.

भांडण हा आमच्या घरचा रोजचा कार्यक्रम होता. इतर नवरा-बायको हवापाण्याच्या गप्पा मारतात, आम्ही भांडायचो. माझा स्वभाव तापट, तिची जीभ धारदार, त्यामुळे विषयाची कमतरता कधी पडली नाही. ती मला बोल बोल बोलायची, मी आरडाओरडा करायचो, आणि तिचं एखादं वाक्य असं काही बसायचं की मलाच हसू फुटायचं. मग तीही हसायची. संसार म्हणतात तो आमचा एवढाच होता आणि आम्हाला तो पुरत होता.

आधी तिचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. हिनं पाठ ताठ केली आणि अगदी स्टँडच्या आवाजात विचारलं, "पर्यायी व्यवस्था काय आहे?"

डॉक्टर गोंधळले. मग त्यांनी शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेचं नाव सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तिथे माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवतात. पुढे माणसानं टॅबवर टाइप केलं की यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. गळ्याला लावून बोलायचं दुसरंही एक उपकरण होतं, पण ते दवाखान्यात ऐकवलं तेव्हा ही म्हणाली, "हा भुंगा मला नको. आपण संस्थेत जाऊ."

घरात ही बातमी फुटली आणि प्रत्येकाला एकदम विज्ञान कळायला लागलं. मुलगी परगावी असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, किती नशीबवान आहोत आपण! आजीच्या वेळी हे असतं तर? आईचा आवाज कायमचा राहणार." माझ्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मेव्हणे, यांचं मत उलटं. ते म्हणाले, "हे लोक आवाज घेतात आणि विकतात. उद्या तुमच्या आवाजात कुणी बँकेला फोन केला म्हणजे कळेल." मला तो आवाज हवा होता. तो सैतानानं ठेवून घेतला असता तरी चाललं असतं.

संस्थेची इमारत झकास होती. फाटकावर बोट लावून आत जायचं यंत्र होतं आणि ते कुणाचंच बोट ओळखत नव्हतं, म्हणून पहारेकरी हातानं दांडा उचलून सगळ्यांना आत सोडत होता. भिंतींवर शांतता राखा, नावीन्याचा ध्यास घ्या, चपला बाहेर काढा असे फलक. आम्हाला भेटली ती एक तरुण शास्त्रज्ञ बाई. आम्ही तिला मॅडम म्हणायचो आणि ती आम्हाला काका-काकू. चांगली होती बिचारी. तिच्याविषयी माझ्या मनात आजही काही नाही.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे एक जाडजूड भिंतींची पेटी होती. आत एक खुर्ची, एक माइक, एक पडदा. पडद्यावर वाक्य यायचं आणि हिनं ते वाचायचं. वाक्यं कुठल्याशा समितीनं मंजूर केलेली. भाषेतले सगळे ध्वनी त्यांत येतील अशा बेतानं बसवलेली, असं मॅडमनी समजावून सांगितलं. "आज आकाश निरभ्र आहे." "मला गणित हा विषय आवडतो." "कृपया खिडकी उघडा, खोलीत उष्णता वाढली आहे." माझ्या बायकोनं उभ्या जन्मात गणिताविषयी एक चांगला शब्द काढला नव्हता.

पण खरी गोची निराळीच होती. माइक सुरू झाला की खोलीत लाल दिवा लागायचा. आणि दिवा लागला की माझी बायको उद्घोषक व्हायची.

तिच्या धंद्याचा नियमच होता तो. दिवा लागला की केबिनमधल्या कुणी शिंकायचंसुद्धा नाही. एकदा एका नवीन मुलीच्या तोंडून उघड्या माइकवर "शी, किती उकडतंय" एवढं निघालं तर तिची तक्रार वरपर्यंत गेली होती. हिच्या अंगात ती शिस्त इतकी भिनलेली की घरात कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलं तरी ही गप्प व्हायची. स्वतः काढायची तेव्हा तर ओठ घट्ट मिटून. नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ बघा, सगळे बोलताहेत, ही नाही. मला फोनवर आवाजी निरोप पाठवायची तो असा: "नमस्कार. येताना दूध आणावे. धन्यवाद." यावरून मी तिची इतकी वर्षं टर उडवली. तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण ऐकून मॅडम तर खूशच झाल्या. "काकू, घसा बसलेला असूनही एवढा स्वच्छ आवाज आम्हाला आजवर मिळाला नव्हता."

मी म्हणालो, "हा तिचा आवाज नाही."

"मग कुणाचा?"

"स्टँडचा."

त्यांना काही उमगेना. हिला मात्र लगेच उमगलं. तिचा चेहरा पडला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, घरच्यासारखं वाचायचा. दिवा लागला आणि आकाश पुन्हा निरभ्र झालं. आम्ही दिव्यावर तिचा रुमाल टाकला. उपयोग शून्य, कारण रुमालाखाली दिवा चालू आहे हे तिला माहीत होतं. आणि ती मंजूर वाक्यं तरी घरच्या आवाजात कशी म्हणायची? मी घरात कधी "खोलीत उष्णता वाढली आहे" असं ऐकलेलं नाही. आमच्याकडे "अहो, उघडा की ती खिडकी, का मी मेल्यावर उघडणार?" असं म्हणायची पद्धत होती.

मॅडमना ते पटलं. त्या म्हणाल्या, "काका, सगळी मंजूर वाक्यं संपली की शेवटचा दिवस आपण काकूंच्या मनानं घेऊ. त्यांना हवं ते बोलू दे. ते मी त्यात मिसळेन, सूर बदलेल." मग आम्हीच एक शक्कल काढली. मी पेटीत शिरायचं आणि तिच्याशी भांडण उकरून काढायचं. रंगात आली की तिला दिव्याचं भान राहणार नाही. विषय तिनंच ठरवला, माझी बहीण. आमच्या लग्नात बहिणीनं काय म्हटलं होतं इथून सुरुवात करायची. घशाची दशा झालेली, बोलताना दुखायचं, तरी ती दोन दिवस मुद्दे काढत बसली होती. मध्येच म्हणायची, "हे ऐकल्यावर तुम्ही काय उत्तर देणार ते आधी सांगू नका हं." इतक्या खुशीत मी तिला आजारपणात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तो दिवस आला. आम्ही संस्थेत पोचलो तर व्हरांड्यात कुंड्या मांडत होते. फरशी ओली होती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला कुलूप होतं आणि दारावर नवीकोरी पितळी पाटी लावलेली. दुसऱ्या दिवशी वरून तपासणी समिती येणार होती. खोली धुऊनपुसून तयार करून ठेवलेली होती आणि समिती येईपर्यंत आत कुणी जायचं नाही असा संचालक साहेबांचा हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी हिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

मॅडम साहेबांकडे गेल्या आणि लाल डोळ्यांनी परत आल्या. मग मी गेलो. मी भांडायला गेलो होतो, पण साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, हिच्या तब्येतीची चौकशी केली. असल्या माणसाशी भांडता येत नाही. ते म्हणाले, "तुमची भावना समजू शकतो मी. पण सर्व मंजूर वाक्यं पूर्ण झाली आहेत. शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक ते सगळे ध्वनी आपल्याकडे आलेले आहेत. अधिकची गरजच नाही. उलट भांडणाचे आवाज मिसळले तर गुणवत्ता बिघडेल."

मी म्हणालो, "साहेब, फक्त अर्धा तास. खोली मी स्वतः पुसून देतो."

"प्रश्न पुसण्याचा नाही," ते म्हणाले. "एकदा तयार ठेवलेली खोली पुन्हा उघडली तर जबाबदारी कोणाची?"

त्यांना खरंच वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. वाईट वाटून घ्यायला त्यांना परवानगी असावी, कुलूप काढायला नसावी. मी चहा न पिता उठलो.

रिक्षात ही म्हणाली, "जाऊ द्या हो. घरी करू मोबाइलवर. तुम्ही लपवून ठेवा कुठेतरी, मला सांगू नका कुठे." मॅडमनीही सांगितलं होतं, मोबाइलवरचं का होईना, आणा, मी बघते काय करता येतं. मी बिस्किटांच्या डब्यामागे मोबाइल चालू करून ठेवला. बहिणीचा विषय काढायला तोंड उघडलं आणि बेल वाजली.

मेव्हणे आले होते. पाठोपाठ शेजारच्या काकू. मग हिच्या ऑफिसातल्या दोघीजणी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटायला यायची रीत असते, त्यांचं काय चुकलं? पण बसल्या बसल्या चर्चा सुरू झाली ती विज्ञानाची. मेव्हणे म्हणाले, माणसाची जागा आता यंत्रंच घेणार. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे घशाचे रोग मोबाइलच्या लहरींनीच होतात, डॉक्टर कबूल करत नाहीत. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं की स्टँडवर कालपासून नवीन यंत्रणा बसलीय, आता संगणकच बोलतो आणि गाड्यांची नावं चुकीची उच्चारतो. मेव्हण्यांना चेव चढला. त्यांनी प्रगती म्हणजे काय हे सर्वांना समजावून द्यायला घेतलं. मी डब्याकडे बघत होतो. "अहो, जरा गप्प बसा सगळे, तिला बोलू द्या," असं माझ्या जिभेवर होतं. पण घरात आलेल्या माणसाला गप्प बसा कसं म्हणायचं?

ते सगळे गेल्यावर ती इतकी थकली होती की बसल्या जागी झोपली. मी तिला उठवलं नाही. ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मेव्हणे स्पष्ट ऐकू येतात. प्रगतीवरचं त्यांचं भाषण संपूर्ण आहे. मध्ये कुठेतरी, त्यांच्या आवाजाखाली, ती कुणाला तरी "घ्या ना अजून" म्हणते. मॅडमनी खूप खटपट केली, पण मेव्हण्यांखालून तिला वर काढता आलं नाही.

दवाखान्यात मोबाइल आत नेऊ देत नव्हते. तिला आत ढकलत नेताना तिनं मान वळवली आणि म्हणाली, "अहो, दुकान उघडा आज. उगाच इथे बसून राहू नका." बस. घरच्या आवाजातलं तिचं हे शेवटचं बोलणं. मी अर्थात बसून राहिलो.

ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. गळ्याखाली श्वासासाठी भोक पडलं, जेवण गिळायला पुन्हा शिकावं लागलं, पण ती हिंडूफिरू लागली. मग संस्थेतून बोलावणं आलं. मॅडमनी टॅबवर एकच वाक्य दोन तऱ्हांनी ऐकवलं आणि विचारलं, "काका, हे जवळचं वाटतं की ते?"

जन्मभर मी हाच प्रश्न लोकांना विचारत आलोय. डोळ्यांवर एक भिंग धरायचं, मग दुसरं. हे बरं, की ते बरं? दोन्ही सारखीच धूसर असली की गिऱ्हाईक कंटाळून काहीतरी सांगून टाकतं. मीही सांगून टाकलं, "दुसरं."

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा टाइप केलं ते अर्थात "अहो". टॅब म्हणाला, "अहो." फलाट क्रमांक तीनवरून सुटणारं अहो. चहा नाही, पाहुणे नाहीत, राग नाही, काही नाही. ते मंजूर वाक्यांत नव्हतंच. कुठल्या तरी वाक्यातला अ आणि कुठल्या तरी वाक्यातला हो जोडून यंत्रानं बनवलेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती हसली, आवाज न करता. मग पुन्हा टाइप केलं. "सवय होईल."

मुलीला फोनवर ऐकवलं तर ती रडायलाच लागली. "आई, अगदी तूच गं!" मेव्हणे म्हणाले, "मानलं बुवा, विज्ञानाला तोड नाही." ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते सगळे खूश. शेजारच्या काकू तर खास ऐकायला येत. आणि सगळ्यांनी एवढं कौतुक केल्यावर हा तिचा आवाज नाही हे सांगायचं कुणाला? मी एकदा मुलीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ना कशातच समाधान नसतं."

तरी आम्ही चालवलं. ती टाइप करायची, आत्मीयतेनं काहीतरी लिहायची आणि टॅब ते प्रवाशांना सांगायचा. "आपण औषध घेतले का?" तिनं "घेतलं का" असं लिहिलं तरी कानाला ते "घेतले का" असंच लागायचं. ती कंटाळा न करता लिहायची. मी कंटाळा न दाखवता ऐकायचो. माझा आवाजही हळूहळू बदलायला लागला, मी तिच्याशी बँकेतल्यासारखा बोलायला लागलो.

मग एका दुपारी माझी बहीण येऊन गेली. ती गेल्यावर ही टॅब घेऊन बसली आणि भराभर टाइप करू लागली. चेहरा लाल झालेला, भुवया चढलेल्या. मी ओळखलं. आज भांडण होणार होतं. खरं सांगतो, माझ्या अंगात आनंदाची शिरशिरी आली. मी खुर्ची सरसावून बसलो. म्हटलं, "बोल, बोल काय म्हणायचंय ते. माझी बहीण आहे ती, मी ऐकून घेणार नाही."

तिनं बटण दाबलं. आणि टॅब शांत, स्वच्छ, इस्त्रीच्या आवाजात म्हणाला, "तुमची बहीण एक नंबरची आगाऊ आहे आणि तुम्ही तिच्यापुढे शेपूट घालता. लग्नापासून मी हे बघते आहे. मेल्याशिवाय तुम्हाला अक्कल येणार नाही."

गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं. मला हसू फुटलं. मी आवरायचा प्रयत्न केला आणि ते आणखीच फुटलं. पोट धरून हसलो मी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ती हसली नाही. पूर्वी तीही हसायची, पण तेव्हा तिचं वाक्य आधी माझ्या वर्मी लागलेलं असायचं. आता तिच्या रागालाच मी हसत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड उघडून ती काहीतरी ओरडली. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, गळ्याच्या भोकातून नुसती हवा बाहेर आली. माझं हसणं तिथेच थांबलं. मी उठून तिच्याजवळ गेलो तर तिनं मला हातानं दूर केलं. टॅब बंद केला आणि कपाटात कपड्यांखाली सारला.

त्यानंतर आमच्या घरात कुणी भांडलं नाही. काही हवं असेल तर ती टाळी वाजवते. मी खालून वर जातो. ती बोटानं दाखवते, मी करतो. मी चिडत नाही, कारण एकट्यानं चिडण्यात काही अर्थ नसतो. डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तिची जुनी हाक मनात ऐकायचा प्रयत्न करतो. पूर्वी यायची. आता त्या जागी टॅबचंच अहो येतं. डोकं झटकलं तरी तेच येतं. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मग संस्थेच्या वार्षिक समारंभाचं निमंत्रण आलं. हिला मंचावर बसवणार होते. मी म्हटलं, जायचं नाही. तिनं मान हलवली, जायचं. का जायचं ते मला कळलं नाही. तिनं स्टँडवर जाताना नेसायची ती साडी काढली आणि कपाटातून टॅबही काढला.

सभागृह भरलेलं होतं. मंचावर फुलं, मागे मोठा पडदा. मी पहिल्या रांगेत, शेजारी मॅडम. संचालक साहेबांचं भाषण झालं. प्रकल्प शंभर टक्के यशस्वी झाल्याचं त्यांनी सांगितलं. तपासणी समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की तंत्रज्ञानाचा मानवी चेहरा कसा असतो ते आज पाहायला मिळतंय. मग साहेब हिला म्हणाले, "ताई, आपल्या स्वतःच्या आवाजात दोन शब्द बोलाल का?" टॅब सभागृहाच्या ध्वनिक्षेपकाला जोडलेला होता.

ती उभी राहिली. बराच वेळ टाइप करत होती. मग तिनं बटण दाबलं आणि तो ओळखीचा आवाज सगळीकडे घुमला.

"कृपया इकडे लक्ष द्या. एका महिलेचा घरचा आवाज हरवला आहे. आवाज चढा व थोडा नाकातला असून मध्येच हसण्याची सवय आहे. कुणास आढळल्यास त्यांनी तिच्या पतीशी संपर्क साधावा. ते वाट पाहत आहेत. धन्यवाद."

हशा उसळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. शेजारी मॅडम दोन्ही हातांत तोंड लपवून बसल्या होत्या. साहेब माइकवर आले, मनापासून हसत. "पाहिलंत? विनोदबुद्धीसुद्धा शाबूत आहे! आणि उच्चार किती स्पष्ट! मागच्या लोकांना नीट ऐकू आलं नसेल, पुन्हा एकदा लावा बरं."

कुणीतरी तिच्या हातातला टॅब अलगद घेतला आणि बटण दाबलं. कृपया इकडे लक्ष द्या, असं पुन्हा सुरू झालं. ती तोंड मिटून, पाठ ताठ ठेवून, मंचाच्या मधोमध उभी होती आणि सबंध सभागृहात फक्त माझ्याकडे बघत होती. मी पायऱ्या चढून वर गेलो. मी तिचा हात धरला. टॅब तिथेच टेबलावर राहू दिला आणि आम्ही बाजूच्या दारानं बाहेर पडलो. व्हरांडा संपेपर्यंत मागून तो आवाज येत होता.